अंधार चाचणी

लाँच काठाला लागली आणि तिच्यातून दोघीजणी उतरल्या. एक डॉक्टर केतकी भागवत. गावाचा निरोप पाण्यापलीकडे नेणारी उजेडाची तार तिनंच तयार केलेली, आणि संपत सपकाळनं तारजोडणीचं शिक्षण तिच्याच हाताखाली घेतलं होतं. दुसरी पंचविशीच्या आतली, पाठीला पिशवी, मान खाली. तिला संपतनं कधी पाहिलं नव्हतं, पण कोण असेल ते त्याला लगेच कळलं.

"ही पल्लवी कोळेकर," डॉक्टर म्हणाली. "त्या दिवशी आरोग्य केंद्रात पडद्यासमोर हीच होती. येऊ नको म्हटलं, पण ऐकेना."

काठावर पाच-पंचवीस माणसं जमली होती. सरपंच बाजीनाना शेलारांनी घसा खाकरला. "म्याडम, तुमचं स्वागत आहे. पर ह्या पोरीला हितं आणायचं काय कारण?"

"मला बघायचंय नाना," पल्लवीच बोलली. "तुमचा निरोप माझ्यापर्यंत का आला नाही, ते बघायचंय."

"आला न्हाई म्हन," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली. "हितं हिरवा दिवा लागला, आन तिला म्हनं दिसलाच न्हाई! झोपली आसंल."

संपतची मुलगी ईश्वरी पुढे उभी होती. साताऱ्याला कॉलेजात शिकत होती, आई गेल्यापासून गावातच होती. ती पल्लवीकडे एकटक बघत होती. दोघी एकाच वयाच्या. "दुपारी चारला ग्रामसभा आहे," ती म्हणाली. "तक्रार मी लिहिलीय. तुमच्या समोरच वाचते."

संपतनं डॉक्टरची पेटी उचलली आणि तो चढणीला लागला.

वैजंताला, त्याच्या बायकोला, जाऊन आज चौदा दिवस झाले होते.

सोंडेवाडी गाव धरणाच्या पाण्यापलीकडे, जंगलाच्या पोटात. रस्ता नाही. मोबाईलचा मनोरा दोनदा मंजूर झाला आणि दोनदा अभयारण्यात अडकला. काचेची तार जमिनीतून न्यायची तर खणायला परवानगी नाही. तेव्हा डॉक्टर भागवतांची प्लास्टिकची तार आली. सुतळीएवढी जाड, वाकवली तरी न मोडणारी, झाडांवरून न् लाकडी खांबांवरून ओढत नेता येणारी.

प्लास्टिकमधून उजेड लांब जात नाही. दोन-चारशे मीटर गेला की मरतो. म्हणून डॉक्टरनं त्या प्लास्टिकमध्येच चमकणारे स्फटिक कालवले होते. इतके बारीक, की केसाच्या जाडीत सात-आठ हजार शेजारी शेजारी बसतील. प्रत्येक टप्प्याला एक सौर दिवा. तो तारेत निळा उजेड सोडतो, आणि त्या उजेडानं हे स्फटिक भरून राहतात. मग निरोपाचा उजेड थकून भागून आला, की त्याचा धक्का लागून भरलेला स्फटिक आपला उजेड सोडतो. त्याच रंगाचा, त्याच दिशेनं, त्याच ठेक्यात. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. टोकाला निरोप ठणठणीत पोचतो.

शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरनं त्यांना समजावलं होतं. "पोवाडा ऐकलाय ना? शाहीर एकटा असतो. मागचे झीलकरी त्याचा सूर उचलतात म्हणून तो लांबच्याला ऐकू जातो. हे स्फटिक म्हणजे झीलकरी."

"आन शाहीर आलाच न्हाई तर?" संपतनं विचारलं होतं. सगळे हसले होते. डॉक्टर हसली नव्हती.

"हाच प्रश्न मला हवा होता. भरलेला स्फटिक कायम वाट बघत बसत नाही. कुणी आलं नाही तर तो आपण होऊन उजेड सोडतो. त्याचं ऐकून दुसरा सोडतो. शाहीर नसताना झीलकऱ्यांनी नुसतंच जीऽऽजी लावावं तसं. तार मधे तुटलेली असली तरी टोकाला उजेड दिसणार. तुमचा मीटर आकडा दाखवणार, गावातल्या बटणाच्या पेटीवरचा, निरोप पोचल्याचा हिरवा दिवा लागणार. त्यात निरोप मात्र नसणार."

म्हणून फॉर्मवर शेवटची ओळ होती: अंधार चाचणी. एकानं पलीकडच्या खांबावर जाऊन तार सोडवायची, तिच्या तोंडाला काळी टोपी घालायची. दुसऱ्यानं अलीकडे मीटर बघायचा. आकडा पडला, तर आधी दिसत होता तो खरा निरोपाचा उजेड. आकडा जागचा हललाच नाही, तर तो तारेचा स्वतःचा. म्हणजे तार मुकी.

या कामाला दोन माणसं लागत. संपतला दुसरा माणूस कधी मिळाला नाही, म्हणून वैजंता जायची. पदर खोचून, टोपी कमरेला बांधून ती डोंगर चढायची आणि वरून ओरडायची, "घातलीऽऽ!" खाली संपत आकडा लिहायचा. तिला त्याची मजा वाटायची. बायकांत सांगायची, "ह्यांचा उजेड मी झाकते तवा खरा ठरतो."

सोंडेवाडीचा टप्पा फाल्गुनात झाला. मधे दरी, पलीकडे एकतीस नंबरचा खांब, चढ दोन तासांचा. ऊन टाळूवर आलेलं. मीटरवर आकडा चांगला होता, अठ्ठावन्न.

"जाऊ का टोपी घालायला?" वैजंतानं विचारलं. ती सकाळपासून त्याच्याबरोबर राबत होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ऊन लय हाय. चल, जेवू."

आणि फॉर्मवर त्यानं लिहिलं: अंधार चाचणी झाली. सं. ग. सपकाळ.

काहीच बिघडलं नाही. मग पुढच्या तीन वाड्यांनाही त्यानं तसंच लिहिलं.

तार सुरू झाल्याच्या अकराव्या दिवशी वैजंता हिरडा गोळा करायला गेली आणि पाचोळ्यात तिच्या पायाला नाग डसला. सकाळचे दहा वाजले असतील. बायकांनी तिला शाळेच्या ओट्यावर आणलं, पेटीजवळ. संपतनं स्वतः बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. तिकडं आरोग्य केंद्रात निरोप गेला, की पंचवीस मिनिटांत औषध घेऊन ड्रोन येतो, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

बाजीनानांनी तोवर लाँच सुरू केली होती. "संपत, घे तिला. मी पोचवतो पलीकडं. तिथनं जीप हाय."

"थांबा नाना," संपत म्हणाला. "दिवा लागलाय. वाटंत काय झालं तर? औषध हितं येतंय. तार माझ्या हातची हाय."

वैजंता भिंतीला टेकून बसली होती. तिचा तोपर्यंत आवाज चांगला होता. "येईल," ती बायकांना म्हणाली. "ह्यांनी जोडलीया."

अर्धा तास गेला. तासही गेला. संपतनं चारदा बटण दाबलं आणि चारदा हिरवा दिवा लागला. नाना तीनदा येऊन विचारून गेले आणि तिन्ही वेळा त्यानं त्यांना थांबवलं. वैजंताच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा कुठं त्यानं तिला उचललं. पाण्याच्या मध्यावर तिचा श्वास थांबला.

आरोग्य केंद्र म्हणालं, आमच्याकडे निरोप आलाच नाही. पेटीच्या नोंदीत चार वेळा बटण दाबल्याचं होतं, चार वेळा उजेड बरोबर असल्याचं होतं. मग खोटं कोण बोलतंय? ड्युटीवरच्या मुलीनं नोंद पुसली, असं ठरलं. तिला घरी बसवलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला. भटजींनी विचारलं, बाईची काय इच्छा राहिली असेल? कुणी काही, कुणी काही बोललं. शेवटी ईश्वरी पुढे झाली, हात जोडून म्हणाली, "आई, जिनं तुझा निरोप बुडवला तिला मी सोडणार नाही." आणि कावळा शिवला. बायका रडल्या. संपतची नजर मात्र डोंगरावरच्या खांबाकडे गेली. का ते त्याचं त्यालाही तेव्हा नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच एकतीस नंबरला गेला. टोपी घातली, दोन तास उतरून खाली आला, मीटर लावला.

अठ्ठावन्न.

आकडा एका घरानंही हलला नव्हता.

तो ओट्यावर बसून राहिला. मग पुन्हा चढला. जोड तपासला. डिंकानं दोन टोकं चिकटवून वर टॉर्च धरायची असते. डिंक घट्ट होईपर्यंत हात हलता कामा नये. त्याचा हलला असणार. दोन टोकांच्या मधे हवेचा एक बुडबुडा राहिला होता, मोहरीच्या अर्ध्याहून लहान. तिथंच सगळा उजेड विखरत होता. तार पहिल्या दिवसापासून मुकी होती.

त्यानं तेवढा तुकडा कापून काढला, नवा जोड केला, एकट्यानं चढून-उतरून अंधार चाचणी केली. आकडा पडला. तार बोलायला लागली. गावावर पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खरं होतं. आता कुणाला काही सापडणार नाही, हेही त्याला तेव्हा कळत होतं. तेही खरं होतं. तुकडा टाकवेना. चुन्याच्या रिकाम्या डबीत घालून त्यानं तो खिशात ठेवला. उरलेल्या तीन वाड्यांकडे जायला त्याचे पायच उचलले नाहीत. तिथंही तसाच अठ्ठावन्न निघाला तर, या भीतीनं.

एकतीस नंबरच्या खांबाशी डॉक्टरनं दोन तास तपासणी केली; खालच्या मीटरचा आकडा गावातला एकजण ओरडून सांगत होता. पल्लवी बाजूला दगडावर बसून होती.

"जोड सुरेख आहे," डॉक्टर म्हणाली. "अंधार चाचणी पण चोख. संपतराव, तुमच्या कामात खोट नाही." तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. तिलाही हे बोलायला जड जात होतं. "पल्लवी, मला दुसरं काही दिसत नाही गं."

पल्लवी उठून संपतसमोर आली. "काका, मी त्या दिवशी डबासुद्धा खाल्ला नव्हता. साडेआठपासून पडद्यासमोरून हलले नाही. तुमचं दुःख मोठं आहे, मी काही म्हणत नाही. पण मला घरी आई विचारते, खरं सांग, पुसलंस का? सख्खी आई विचारते."

संपतनं दरीकडे तोंड केलं. "चला," तो म्हणाला. "सभेला उशीर होतोय."

उतरताना डॉक्टर सहज बोलली. "बाकीच्या तीन वाड्यांकडे आता जात नाही. जोडणी तुमचीच आहे, हीच पद्धत. ठीक आहे असा शेरा मारून टाकते. संध्याकाळच्या आत लाँच परतायला हवी."

संपतचा पाय घसरला. त्यानं करवंदीची जाळी धरली. हातात काटे गेले ते त्याला खाली येईपर्यंत कळले नाहीत.

ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. ईश्वरीनं तक्रार वाचली. चांगली लिहिली होती. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. 'सदर कर्मचाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल व्हावा.' लोकांनी माना हलवल्या.

"पहिली सही आबांची," ईश्वरी म्हणाली आणि तिनं कागद त्याच्यासमोर धरला.

संपतनं पेन घेतलं. कागदावर पल्लवीचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. तो ते दोनदा वाचून गेला.

"ह्या पोरीनं काय केलेलं न्हाई," तो म्हणाला.

"काय म्हणता आबा?"

"तार मुकी होती. पहिल्यापास्नं. मी चाचणी केली नव्हती. केली म्हणून लिवलं."

मग बाजीनाना उठले आणि त्यांनी संपतच्या खांद्यावर हात ठेवला. "बस बाबा. बस खाली. बायको गेल्यापास्नं जेवला न्हाईस धड. म्याडम, मनावर घिऊ नका, त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई."

"तार तर चांगली हाय म्हनून म्याडमच सांगत्यात की," मागून कुणीतरी म्हणालं. "लय भोळा हाय आमचा संपत. पोरीची दया आली त्याला."

नानांचा हात खांद्यावर दाबत होता. बसला असता तर सगळं मिटलं असतं. उद्यापर्यंत लोक विसरले असते. पण समोर ईश्वरी उभी होती आणि ती लोकांसारखी कीव करत नव्हती. ती त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

त्यानं नानांचा हात बाजूला केला, खिशातून डबी काढून डॉक्टरच्या हातात दिली. "तिच्या अकराव्याला कापला. मग नवा जोड केला. तुमी तपासला तो नवा."

डॉक्टरनं पेटीतून बारीक टॉर्च काढली, तुकड्याच्या एका टोकाला लावली. तुकडा मध्यापर्यंत उजळला. तिथं एक ठिपका लखलखला आणि पुढचं अर्धं अंग तसंच विझलेलं राहिलं. तिनं तो फिरवून दुसऱ्या टोकाला लावला. पुन्हा तेच. तिनं टॉर्च तशीच वर धरून ठेवली. पुढे बसलेल्यांनी पाहिलं, मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं.

"देवा," बाजीनाना पुटपुटले. "मी लाँच चालू ठिवली हुती रं संपत. तीनदा आलो हुतो."

"व्हय नाना."

पल्लवी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. सुटली म्हणून की कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

ईश्वरी हलली नव्हती. "टोपी घालायला आई जायची ना?"

"व्हय."

"मग त्या दिवशी का नाही गेली?"

"ती जाते म्हणली हुती."

"आणि?"

"मी म्हणलं, ऊन हाय. ऱ्हाऊ दे."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ती ओरडली असती तर बरं, असं संपतला वाटलं. पण ती ओरडली नाही. "मी आईला शब्द दिलाय, आबा," ती म्हणाली. "कावळ्यासमोर. तुम्ही तिथं होतात. गप्प उभे होतात."

"तवा मला नक्की ठावं नव्हतं."

"आणि अकराव्याला? बाराव्याला? तेराव्याला? ह्या मुलीचं नाव मी लिहीत होते तेव्हा तुम्ही बाजूला बसून चहा पीत होतात."

त्यानं पेन तिच्यापुढे धरलं.

ईश्वरीनं कागद परत घेतला, भिंतीला टेकवला. पल्लवीचं नाव एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं: संपत गणपत सपकाळ. अक्षर तिचं नेहमीचंच, वळणदार. मग तिनं कागद त्याला दिला. "पहिली सही."

संपतनं सही केली.

"माझंही नाव घाल," डॉक्टर भागवत म्हणाली. "पेटी नुसता उजेड मोजते, निरोप आहे का बघत नाही. मला ते माहीत होतं. पेटी सुधारायला वर्ष लागलं असतं, म्हणून मी ते ओझं फॉर्मच्या एका ओळीवर टाकलं."

"तुमचं तुम्ही लिहा," ईश्वरी म्हणाली.

डॉक्टरनं लिहिलं.

लोक उठायला लागले तसा संपत पुन्हा बोलला, आता मोठ्यानं. "थांबा. आजून हाय. तीन वाड्यांला मी असंच लिवलंय. तिथं बी दिवा हिरवाच लागतोय. लोक त्याच्या भरवशावर हायती."

बाजीनाना काठाकडे चालू लागले. थोड्याच वेळात लाँचचं इंजिन वाजायला लागलं.

डॉक्टर बसली, पल्लवी बसली. त्या तिन्ही वाड्यांतून आपल्याला आजवर एकही निरोप आलेला नाही, असं पल्लवीनं वाटेतच सांगितलं होतं. संपत पाण्यात पाय घालून लाँचवर चढत होता, तेव्हा ईश्वरी काठावर आली. ती बरोबर येणार नव्हती. त्यानंही विचारलं नाही.

"दिवे बंद करताना लोक विचारतील," ती म्हणाली. "तेव्हा 'सोंडेवाडीत एक बाई गेली' असं सांगू नका. नाव सांगा. आणि लाँच कुणी थांबवली तेही सांगा. तिन्ही ठिकाणी."

"सांगतो."

"मी उद्या विचारून घेईन."

पहिल्या वाडीत पेटी देवळाच्या खांबाला बसवली होती. तिच्याशेजारी एक म्हातारी सूप घेऊन नाचणी पाखडत होती. संपतनं बटण दाबलं, हिरवा ठिपका लागला; मग त्यानं पेटीचं झाकण उघडून दिव्याची तार ओढली. हिरवा ठिपका विझला.

"आरं, आरं!" म्हातारी उठलीच. "बंद कशापायी करतूस? चांगला जळतुया की. माझ्या सुनंला आठवा लागलाय, त्या दिव्याच्या धीरावर हितं ठिवलीया तिला."

सून दारातून बघत होती. आणखी दोघं-तिघं जवळ आले. संपतनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आजी, बसा," तो म्हणाला. "समद्यांस्नी बोलवा. तुमची सून आजच लाँचनं पलीकडं न्यायची. का, ते सांगतो. माझ्या बायकोचं नाव वैजंता..."